जुन्या यंत्राचें मोल

पुण्याहून अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रस्त्यानें निघालें असतां सुमारें तीस किलोमीटरांवर भीमा नदी लागते आणि तिच्या उत्तर तीरावर कोरेगांव भीमा हें शिरूर तालुक्यांतील गांव दिसतें. १ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या लढाईमुळें या गांवाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत कायमचें नोंदलें गेलें आहे आणि नदीच्या अलीकडे पेरणें येथें उभ्या असलेल्या स्तंभाजवळ दर वर्षीं लाखों लोक जमतात. या मोठ्या इतिहासाच्या शेजारीं एक दुसरा इतिहासहि घडत आला; परंतु तो कोणत्याच स्तंभावर कोरलेला नाहीं. भीमेच्या खोऱ्यांत बैलांच्या मोटेनें पाणी उपसण्याचा काळ होता. मग विहिरींवर आणि नदीकांठीं तेलावर चालणारीं इंजिनें आलीं. गांवोगांव विजेच्या तारा पोहोंचल्यावर त्यांची जागा विजेच्या मोटारींनीं घेतली. आणि आतां सणसवाडी, कोरेगांव, शिक्रापूर, रांजणगांव अशी कारखान्यांची रांगच या रस्त्यावर उभी आहे. आजोबा, वडील आणि नातू एवढ्या अवधींत तीन युगें उलटलीं.

प्रत्येक युगानें जातांना आपलीं यंत्रें मागें ठेविलीं. गोठ्याच्या कोपऱ्यांत पडलेलें इंजिन, पडवींत टेकून ठेवलेला लोखंडी नांगर, कडबा कापण्याचें यंत्र, वखारींतील जुनी करवत, अशा वस्तु अनेक घरांत आजहि सांपडतात. एखादे दिवशीं वाटणी होते किंवा घर नव्यानें बांधावयाचें ठरतें आणि प्रश्न निघतो कीं या लोखंडाचें काय येईल? दारावर येणाऱ्या भंगारवाल्याजवळ त्याचें उत्तर तयार असतें. तो कांटा काढतो, वजन करतो आणि किलोच्या भावानें पैसे मोजतो. त्याच्या हिशेबांत लबाडी असतेच असें नाहीं. मात्र तो केवळ लोखंडाचें मोल सांगत असतो, यंत्राचें नव्हे. हीं दोन मोलें वेगळीं कां, आणि यंत्राचें मोल कशावर ठरतें, हें समजून घ्यावयाचें तर सुट्या भागाचा इतिहास पाहिला पाहिजे.

ज्या काळीं गांवांतला सुतार लांकडी नांगर घडवी आणि लोहार त्याला फाळ बसवी, त्या काळीं ‘सुटा भाग’ ही कल्पनाच नव्हती. फाळ झिजला तर लोहार त्याला नवें पोलाद जोडून पुन्हां धार लावी. इसाड मोडलें तर सुतार बाभळीचें नवें तासून देई. एका नांगराचा भाग दुसऱ्यास जसाच्या तसा बसत नसे आणि बसण्याची गरजहि नसे, कारण घडविणारा हात शेजारींच राहत होता. वस्तूची सारी माहिती त्या हातांत होती. बलुतेदारीच्या व्यवस्थेंत दुरुस्तीची हमी त्या माणसाकडूनच मिळे आणि तिचा मोबदला सुगीच्या वेळीं धान्यानें चुकता होई.

इंग्लंडांतील इप्सविच या गांवीं रॉबर्ट रॅन्सम नांवाच्या ओतकामाच्या कारखानदारानें या व्यवस्थेपेक्षां निराळी वाट काढली. १८०३ सालीं त्यानें ओतीव लोखंडाचा एक नवा फाळ सिद्ध केला. तप्त रस ज्या सांच्यांत ओतावयाचा, त्याची खालची बाजू त्यानें लोखंडाची ठेविली व वरची वाळूची. खालची बाजू एकदम थंड झाल्यानें अतिशय कठीण होई आणि वरची सावकाश निवल्यामुळें मऊ राही. जमिनींत चालतांना मऊ बाजू आधीं झिजे, कठीण बाजूची कड तशीच राही आणि फाळाला आपोआप धार येत जाई. पांच वर्षांनीं, १८०८ सालीं, त्यानें याहूनहि महत्त्वाचें पाऊल टाकलें. नांगराचे भाग एका मापाचे करून ते शेतावरच्या शेतावर सोडवितां व बसवितां येतील अशी रचना त्यानें केली. येथपासून फाळाला स्वतःचें माप आणि स्वतःची ओळख प्राप्त झाली. घडविणारा हात शेंकडों कोस दूर असला तरी चालूं लागलें. अट एवढीच कीं कोणता भाग पाहिजे हें मागणाऱ्याला नेमकें सांगतां आलें पाहिजे. लोहाराच्या स्मरणशक्तीची जागा आतां नंबरानें आणि छापील यादीनें घेतली.

हेच विलायती नांगर हिंदुस्थानांत आले तेव्हां त्यांचा गुण शेतकऱ्याला दिसत होता, तरी त्यांचे भाग समुद्रापलीकडून यावे लागत. ही उणीव ओळखणारा माणूस बेळगांवांत होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. त्यांनीं मुंबईच्या कलाशाळेंत चित्रकलेचें शिक्षण घेतलें, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचें रेखाटन शिकविलें आणि पुढें ती नोकरी सोडून बेळगांवीं बंधूंबरोबर सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें. कडबा कापण्याचें यंत्र करून झाल्यावर १९०३ सालीं त्यांनीं आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि पहिले नांगर खपावयास फार काळ लागला, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तिच्या जोडीला दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. नांगर एकदां विकला म्हणजे संपलें, असें या धंद्यांत होत नाहीं. फाळ ही झिजण्यासाठींच केलेली वस्तु आहे. ती हंगामाच्या ऐन वेळीं मिळाली नाहीं तर उरलेला सारा नांगर निरुपयोगी ठरतो. म्हणून स्वदेशी नांगराचें खरें बळ त्याच्या किंमतींत जितकें होतें, तितकेंच त्याचा फाळ जवळच्या गांवीं मिळण्यांत होतें.

१९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळ, निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धांत परदेशी माल येणें कठीण झालें आणि देशी नांगराची मागणी वाढली. पण कच्चें लोखंड दुर्मिळ झालें. त्या वेळीं कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं पन्हाळगडावरील जुन्या तोफा नांगरांसाठीं दिल्या, अशी हकीकत महाराष्ट्रांत सांगितली जाते. तोफेचा नांगर होणें हें ऐकावयास रम्य आहे आणि त्या प्रसंगाची गरजहि खरी होती. तरी याच हकीकतीची दुसरी बाजू अशी कीं, रसांत गेलेली तोफ कोणत्या कारखान्यांत ओतली होती व तिच्यावर कोणता शिक्का होता, हें पुढच्या कोणालाहि विचारतां येत नाहीं. वितळवणें हा एकेरी मार्ग आहे. त्यावर पाऊल टाकण्यापूर्वीं वस्तूची निदान नोंद तरी करून ठेवावी, एवढा बोध त्यांतून घेतां येतो.

किर्लोस्करवाडीनें माहितीचें महत्त्व फार लवकर ओळखलें. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें नियतकालिक सुरू केलें. पुढें ‘किर्लोस्कर’ या नांवानें तें सुशिक्षित मराठी घरांतील आवडतें मासिक झालें. कथा, विचार व वादविवाद यांसाठीं तें आज आठवलें जातें. परंतु त्याचा जन्म कारखान्याच्या आणि यंत्रांच्या वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेण्याच्या गरजेंतून झाला, हें विसरूं नये. यंत्र ज्या वाटेनें गांवांत गेलें त्याच वाटेनें छापील शब्दहि गेला. ज्या घरांत त्या अंकांच्या फायली शिल्लक आहेत, त्या घरांत आपल्या प्रांताच्या यंत्रयुगाचे कागदोपत्रीं पुरावे शिल्लक आहेत.

नांगरानंतर इंजिनाकडे वळलें म्हणजे हा विषय अधिक स्पष्ट होतो. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिचें ‘एव्ही-१’ हें एका सिलिंडरचें इंजिन मिनिटास १५०० फेऱ्यांवर पांच अश्वशक्ति देई. त्याच्या सिलिंडराचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ११० मिलिमीटर. इंग्लंडांतील पेटर कंपनीच्या ‘एव्ही-१’ या इंजिनाचीं मापेंहि हींच होतीं. नांव एक, मापें एक. म्हणजे एका देशांत आंखलेली रचना दुसऱ्या देशांत रुजली. यामुळें व्यवहारांत काय घडतें? परदेशांतील मूळ कारखाना बदलला किंवा बंद पडला, तरी त्या रचनेचे भाग ज्या देशांत ती रुजली तेथें मिळत राहतात.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण गुजरातेंतील राजकोट येथें आहे. इंग्लंडांतील डर्सली गांवच्या लिस्टर कंपनीनें १९३० च्या सुमारास संथ गतीचें, जड चक्राचें एक डिझेल इंजिन बाजारांत आणलें. त्याचा सहा अश्वशक्तीचा नमुना मिनिटास अवघ्या ६५० फेऱ्या करी. पाणी उपसणें, पीठ दळणें, वीज निर्माण करणें अशीं कामें तें वर्षानुवर्षें करीत राही. इंग्लंडांत त्याचें उत्पादन १९८७ सालीं थांबलें. परंतु राजकोटच्या लहान लहान कारखान्यांनीं त्याच धर्तीचीं इंजिनें पूर्वींच करावयास घेतलीं होतीं आणि तीं मूळ कारखान्याच्याहि पुढें चालू राहिलीं. आज इंग्लंड-अमेरिकेंतला एखादा हौशी मनुष्य आपल्या आजोबांचें लिस्टर इंजिन पुन्हां चालू करूं पाहतो, तेव्हां त्याला लागणारे पिस्टन आणि व्हॉल्व्ह कित्येकदां राजकोटांत ओतलेले असतात. ज्या वस्तूला तिच्या जन्मभूमींत संग्रहालयाची वाट दाखविली गेली, ती येथें अजून बाजाराची वस्तु आहे.

जुन्या यंत्रांची हौस आतां जगभर फोफावली आहे, आणि तिची कसोटी पाहणारें यंत्र म्हणजे सांखळीची करवत. कारागीर तिला ‘चेन सॉ’ म्हणतात. जंगलांत दोन माणसांनीं दोन टोकांस धरून ओढावयाची लांब करवत आणि कुऱ्हाड यांचें काम या यंत्रानें आपल्याकडे घेतलें. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी सांखळीची करवत केली. पुढच्याच वर्षीं थुरिंगियांतील डोल्मार टेकडीवर एमिल लेर्प यानें पेट्रोलवर चालणारी करवत चालवून पाहिली. त्या करवतीचें वजन ५८ किलो होतें. ती दोघांनीं उचलावी लागे. १९४६ सालीं अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांतांत जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्याला ओंडका पोखरणारी अळी दिसली. ती आपल्या जबड्यानें डावीउजवीकडे लांकूड कुरतडत जाते हें पाहून त्यानें सांखळीच्या दांतांची नवी रचना केली आणि १९४७ सालीं आपला धंदा उभारला. आजच्या करवतींचे दांत त्याच कल्पनेवर आधारलेले आहेत. १९४९ सालीं मॅक्कलक कंपनीनें सुमारें ११ किलो वजनाची, एका माणसाला पेलणारी करवत बाजारांत आणली. श्टील कंपनीची ‘कॉन्ट्रा’ १९५९ ची. महाराष्ट्रांत वादळानंतर हें यंत्र सर्वांच्या दृष्टीस पडतें. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें कोंकणांत पडलेले वृक्ष हटवितांना आपत्ति-निवारणाच्या पथकांना याच करवतींनीं वाटा मोकळ्या करून दिल्या.

ही करवत जुनी झाली म्हणजे तिचें मोल ठरविणें हें मोठें शिक्षणच असतें. आणि तेथें जे नियम लागू पडतात तेच इंजिनाला व इतर यंत्रांनाहि लागतात. पहिला नियम ओळखीचा. कंपनीचें नांव, नमुन्याचें नांव व अनुक्रमांक हीं तिन्ही ज्या पाटीवर आहेत ती पाटी शाबूत आहे काय, हें सर्वांच्या आधीं पाहावें. पाटी गेली असेल तर ओतीव अंगावरील आंकड्यांकडे लोक धांव घेतात. परंतु तो आंकडा पुष्कळदां ओतकामाच्या सांच्याचा असतो, भागाच्या यादींतला नसतो. हा भेद न कळल्यानें चुकीचा भाग मागविला जातो आणि पैसा व्यर्थ जातो.

दुसरा नियम पूर्णतेचा. बाहेरचें झांकण, स्टार्टर, हवा गाळणारें जाळें, सांखळी धरणारी पट्टी, यांपैकीं काय काय जागेवर आहे तें मोजावें. रंग ताजा दिसतो म्हणून भुलूं नये. नवा रंग हा कित्येकदां जुनी भेग झांकण्यासाठीं दिलेला असतो. जुन्या करवतींचीं अंगें मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचीं असतात आणि ओलाव्यानें ती धातु आंतून खाल्ली जाते.

तिसरा नियम झिजेचा. धूर बाहेर जाण्याची नळी काढली कीं त्या छिद्रांतून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर यंत्रानें तेलाशिवाय श्रम केलेले नाहींत असें मानावयास हरकत नाहीं. उभे ओरखडे असतील तर किंमत त्याच जागीं खालीं येते. जुन्या करवतींना पेट्रोलांत तेल मिसळावें लागे आणि त्याचें प्रमाण कांहींना सोळास एक, कांहींना वीसास एक असे. आधुनिक तेलें व यंत्रें पन्नासास एक या प्रमाणावर चालतात. मालकानें पुस्तिका न वाचतां आपल्या अंदाजानें तेल घातलें कीं काय, याची साक्ष पिस्टन देतो.

चौथा नियम भाग मिळण्याचा. सर्व भाग सारख्या योग्यतेचे नसतात. बेअरिंग घ्या. त्याच्या कडेवर ‘६२०३’ असा आंकडा असेल तर आंतील व्यास १७, बाहेरील ४० व जाडी १२ मिलिमीटर हें जगांत सर्वत्र ठरलेलें आहे. तें मिळविण्यासाठीं मूळ कंपनीकडे धांवण्याचें कारण नाहीं. बेअरिंगांच्या कोणत्याहि दुकानांत तें मिळतें. सांखळीचेंहि तसेंच. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतर मोजून त्याचें निम्मे केलें म्हणजे सांखळीचें माप कळतें. तें ३/८ इंच आलें तर सांखळी सुलभ. जुन्या मोठ्या करवतींचीं ७/१६ किंवा १/२ इंच हीं मापें आतां कष्टानें मिळतात. पेट्रोल पुरविणाऱ्या कार्ब्युरेटरांतील रबरी पडदे ही सर्वांत नाशवंत चीज. पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें आणि जुनें रबर त्यानें लवकर बिघडतें. म्हणून त्या पडद्यांचा संच मिळतो कीं नाहीं, याची चौकशी सौदा ठरण्यापूर्वींच करावी. प्रज्वलनाची कॉईल, सिलिंडर, ओतीव झांकण हे भाग मात्र त्या एका नमुन्याचेच असतात. ते गेले असतील तर दुसरी मोडकी करवत घेऊन दोहोंतून एक उभी करणें हाच उपाय उरतो.

मळणीच्या खळ्यावरच्या वा विहिरीवरच्या जुन्या इंजिनाला याखेरीज आणखी एक अडचण आहे, ती आट्यांची. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं इंग्लंडांत बोल्टांच्या आट्यांचें प्रमाण ठरविलें. त्यांचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. आपल्या देशांत मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला आणि पुढील वर्षांत टप्प्याटप्प्यानें कारखान्यांनीं तीं मापें स्वीकारलीं. जवळपास बसतो म्हणून मेट्रिक बोल्ट इंचाच्या छिद्रांत ठोकून बसविला तर ओतीव अंगांतील आटे कायमचे जातात. घाईनें केलेली अशी एक दुरुस्ती पन्नास वर्षांच्या वापराहून अधिक नुकसान करून जाते.

आतां किंमतीचा हिशेब सोपा होतो. भंगाराचा भाव हा तळ. त्याच नमुन्याचें चालू स्थितींतलें यंत्र ज्या किंमतीस विकलें जातें तें शिखर. शिखरांतून दुरुस्तीचा व भागांचा खर्च वजा करावा. जें उरेल तें योग्य मोल. तें तळाच्या खालीं जात असेल तर कामासाठीं म्हणून तें यंत्र घेण्यांत अर्थ नाहीं. मग तें केवळ स्मृतीसाठीं घ्यावें, आणि त्या स्मृतीची किंमत ज्याची त्यानें ठरवावी. दुर्मिळता आणि मोल यांची गल्लत करूं नये. ज्या यंत्राचा एकहि भाग मिळत नाहीं तें दुर्मिळ खरें, परंतु काम करूं इच्छिणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. उलट, लिस्टरसारखें सर्वत्र सांपडणारें इंजिन भागांच्या विपुलतेमुळेंच घेण्यासारखें ठरतें. करवत घेणाऱ्यानें हेंहि ध्यानांत ठेवावें कीं यंत्राची मालकी म्हणजे वृक्ष तोडण्याची परवानगी नव्हे. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९६४ व १९७५ सालचे स्वतंत्र कायदे आहेत.

या साऱ्या हिशेबांत ज्या एका वस्तूवांचून पुढें जातां येत नाहीं ती म्हणजे भागांची सचित्र यादी. यंत्र खोलून त्याचा प्रत्येक तुकडा वेगळा मांडलेलें चित्र आणि प्रत्येकाशेजारीं नंबर, असें तिचें स्वरूप. कारखाना चालू असतो तोंवर ती कोणी जपत नाहीं, कारण ती फुकट मिळते. कारखाना बंद पडला कीं तिला किंमत येते. मॅक्कलक कंपनी १९९९ सालीं दिवाळखोरींत गेली आणि तिचें नांव पुढें इतरांच्या मालावर झळकूं लागलें. नांव विकत घेणाऱ्यानें जुन्या करवतींच्या भागांची जबाबदारीहि घेतलीच पाहिजे असा कोणताहि नियम नाहीं. तेव्हांपासून त्या करवती चालू ठेवण्याचा भार, मागें राहिलेल्या याद्या आणि त्या जपणारीं माणसें यांवर पडला. याच कंपनीचा संस्थापक रॉबर्ट मॅक्कलक यानें १९६८ सालीं लंडनचा १८३१ चा जुना पूल विकत घेतला आणि १९७१ पर्यंत तो अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत पुन्हां उभा केला. तें कसें साधलें? पूल उतरवितांना प्रत्येक दगडावर नंबर घातला होता म्हणून. नंबर नसते तर समुद्रापार गेला असता तो पूल नव्हे, दगडांचा ढीग.

आपल्याकडे अशी माहिती कोठें शोधावी? प्रथम घरांतच. इंजिनाची पुस्तिका, एजंटाचें बिल, दुरुस्तीच्या पावत्या या ट्रंकेच्या तळाशीं किंवा देवघराच्या फळीवर निघतात. त्यानंतर गांवचा जुना मिस्त्री. ज्यानें तें इंजिन दर वर्षीं खोललें त्याला कोणता भाग कोणत्या नमुन्याचा चालतो हें तोंडपाठ असतें, आणि तो गेला कीं तें ज्ञान त्याच्याबरोबरच जातें. म्हणून त्याचें सांगणें लिहून घेणें अगत्याचें आहे. जुन्या मासिकांतील व वर्तमानपत्रांतील जाहिरातींवरून नमुन्याचा काळ ठरतो. पेटंटांचे दस्तऐवज सर्वांना खुले असतात व त्यांत यंत्राच्या आंतील रचनेचीं चित्रें मिळतात. आणि प्रत्यक्ष भागांसाठीं पुण्यांतील मंगळवार पेठेचा जुना बाजार आहे. बुधवारीं आणि रविवारीं भरणाऱ्या त्या बाजारांत पाने, पकडी, मोटारी आणि कशाकशाचे तुकडे जमिनीवर मांडलेले असतात. माप हातांत घेऊन आणि नंबर कागदावर लिहून जो जातो त्याला तेथें वस्तु सांपडते. नुसत्या नजरेवर विसंबणारा बहुधा ओझें घेऊन परततो.

याच पुण्यांत दिनकर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास नित्य वापरांतील वस्तूंचा संग्रह आरंभिला. अडकित्ते, दिवे, कुलपें, भांडीं अशा ज्या वस्तूंना त्या काळीं कोणी इतिहास म्हणत नव्हतें, त्यांचें त्यांनीं संग्रहालय उभारलें आणि पुढें तें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. अडकित्ता हातांत घेतला कीं तो कसा चालतो हें मुलालाहि समजतें. इंजिनाचें तसें नाहीं. पुस्तिकेवांचून, नंबरावांचून आणि चालविणाऱ्याच्या सांगण्यावांचून तें मुकें लोखंड होतें. म्हणून यंत्राचा संग्रह करावयाचा तो कागदांसह करावा लागतो; आणि यंत्र ठेवणें शक्य नसेल तेथें निदान कागद तरी ठेवतां येतात. त्यांना जागा फारशी लागत नाहीं.

या प्रांतांत शेतीला आणि कारखानदारीला आजचें रूप कसें आलें, याचा इतिहास पुढेंमागें कोणी सविस्तर लिहूं म्हणेल. त्याला मोठ्या कारखान्यांचीं दफ्तरें मिळतील. परंतु भीमेच्या कांठच्या एखाद्या मळ्यांत कोणत्या सालीं कोणतें इंजिन आलें, तें कोणी दुरुस्त केलें, त्याचे भाग कोठून आणले व तें किती वर्षें चाललें, हें त्या दफ्तरांत नसेल. तें फक्त घराघरांतून मिळूं शकतें. जुनें यंत्र विकावें किंवा ठेवावें, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे आणि विकण्यांत कांहीं गैर नाहीं. मात्र भंगारवाल्याचा कांटा लागण्यापूर्वीं पाटीवरील धूळ पुसून त्यावरचें नांव, नमुना व नंबर उतरून घ्यावा; एक छायाचित्र घ्यावें; घरांतील वडील माणसांना विचारून चार ओळी लिहाव्या; आणि पुस्तिका सांपडली तर ती यंत्राबरोबर रद्दींत जाऊं देऊं नये. एवढें करण्यास अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासांत कधीं कधीं असेंहि कळून येतें कीं, किलोच्या भावानें चाललेल्या त्या इंजिनाचा पिस्टन अजून गुळगुळीत आहे, त्याचे भाग बाजारांत मिळत आहेत आणि तें अजून पुष्कळ वर्षें पाणी उपसूं शकेल.